शर्यत संपली, जमीन कुणाची?

बार्सिलोनाच्या दक्षिणेला समुद्रकाठी सितजेस नावाचं गाव आहे. १९२३ साली त्याच्या शेजारच्या माळावर मोटारींच्या शर्यतीसाठी दोन किलोमीटरचा लंबगोल रस्ता बांधला गेला. नाव ठेवलं तेरामार. संपूर्ण काँक्रीटचं काम सुमारे ३०० दिवसांत उरकलं आणि ४० लाख पेसेता खर्च झाले. दोन्ही टोकांची वळणं इतकी उभी, की कठड्याजवळ चढ ६० अंशांवर जातो. ऑक्टोबरात पहिली मोठी शर्यत झाली. सनबीम गाडी चालवणारा फ्रेंच चालक आल्बेर दिव्हो जिंकला. पण बक्षिसाची रक्कम द्यायला आयोजकांकडे पैसाच नव्हता. बांधकामाची बिलं थकली होती आणि ठेकेदारांनी तिकिटांचा गल्ला आधीच ताब्यात घेतला होता. आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या जगाने तेरामारकडे पाठ फिरवली. मधल्या काळात त्या आवारात कोंबड्याही पाळल्या गेल्या.

आज शंभर वर्षांनंतरही ते काँक्रीट जागेवर आहे. फटींतून गवत उगवलंय, कडा झिजल्यात, पण आकार शाबूत आहे. २०१२ मध्ये रॅलीचा माजी विश्वविजेता कार्लोस साइन्झ याने तिथे ऑडी पळवली आणि १९२३ चा फेरीचा विक्रम मोडला. याच्या उलट, बेल्जियममधलं निव्हेल हे सर्किट १९७० च्या दशकात बांधलेलं, फॉर्म्युला वनच्या दोन शर्यती पाहिलेलं. त्याच्या जागी आता कारखाने आणि गोदामं आहेत.

एक मोठी शर्यत जेमतेम पार पाडलेला रस्ता टिकतो आणि फॉर्म्युला वन पाहिलेला पुसला जातो. असं का होतं? अपघात, पैसा, युद्ध ही कारणं सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण ती शर्यती का थांबल्या एवढंच सांगतात. शर्यती थांबल्यावर त्या रस्त्याचं काय होणार, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरलं: खालची जमीन कुणाची आणि तिला दुसरा गिऱ्हाईक आहे का? युरोपातली सोडून दिलेली सर्किटं या एका प्रश्नाच्या उजेडात पाहिली, की त्यांच्या अवशेषांचा अर्थ लागतो.

वेगमर्यादेतून जन्मलेलं ब्रुकलँड्स

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मोटारीला ताशी २० मैलांहून अधिक वेगाने पळायची परवानगी नव्हती. फ्रान्समध्ये गावोगावच्या रस्त्यांवरून शर्यती होत होत्या. इंग्रज कारखानदारांना आपली गाडी चाचणीसाठीसुद्धा वेगाने पळवता येत नव्हती. सरे परगण्यातले जमीनदार ह्यू लॉक किंग यांनी स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर उपाय काढला. तिथे सरकारी वेगमर्यादा लागू होत नव्हती. दीड लाख पौंडांच्या आसपास रक्कम ओतून त्यांनी पावणेतीन मैलांचा, म्हणजे साधारण ४.४ किलोमीटरचा रस्ता बांधला. रुंदी शंभर फूट. वळणांवर कललेल्या रस्त्याची बाहेरची कड जवळजवळ तीस फूट उंच. जून १९०७ मध्ये ब्रुकलँड्स सुरू झालं. खास मोटारींसाठी बांधलेलं हे जगातलं पहिलं मोठं शर्यतस्थळ.

पुढची तीस वर्षं इथे विक्रमांची रांग लागली. उद्घाटनानंतर काही दिवसांतच सेल्विन एज यांनी सलग २४ तास गाडी चालवून ताशी सुमारे १०६ किलोमीटरची सरासरी राखली. फेब्रुवारी १९१३ मध्ये पर्सी लँबर्ट एका तासात शंभर मैल ओलांडणारा पहिला माणूस ठरला आणि त्याच वर्षी, त्याच रस्त्यावर अपघातात गेला. १९२६ मध्ये पहिली ब्रिटिश ग्रांप्री इथेच झाली. १९३५ मध्ये जॉन कॉबने नेपियर-रेल्टन या अवाढव्य गाडीतून ताशी २३० किलोमीटर सरासरीची फेरी मारली. तो विक्रम कायमचा राहिला; १९३९ नंतर तो मोडायला शर्यतीच उरल्या नाहीत.

ऑगस्ट १९३९ मध्ये शेवटची शर्यत झाली आणि महिन्याभरात युद्ध सुरू झालं. रस्त्याच्या आतल्या बाजूला विमानांचे कारखाने आधीपासून होते. व्हिकर्स तिथे वेलिंग्टन बाँबफेकी विमानं बनवत होती, हॉकर हरिकेन लढाऊ विमानं जोडत होती. आकाशातून हा पांढरा लंबगोल शत्रूला सहज दिसू नये म्हणून काँक्रीटवर झाडं लावून तो झाकला गेला. कारखान्याच्या वाटांसाठी रस्ता जागोजागी फोडला गेला. युद्धानंतर सगळी मालमत्ता व्हिकर्सने विकत घेतली. मग विमानांच्या धावपट्टीसाठी कललेल्या वळणाचा एक तुकडाही गेला. विमान कारखान्याला शर्यतीपेक्षा जमिनीची गरज मोठी होती आणि तिचा मालक आता तोच होता. आज उरलेलं काँक्रीट संरक्षित स्मारक आहे, शेजारी १९९१ पासून संग्रहालय आहे.

इथे एक गंमत आहे. ज्या वेलिंग्टन विमानांनी ब्रुकलँड्स गिळलं, त्यांच्या वैमानिकांना तयार करण्यासाठी नॉर्थहॅम्प्टनशायरमध्ये एक नवा विमानतळ बांधला गेला. युद्ध संपल्यावर तो रिकामा पडला. १९४८ मध्ये त्याच्या धावपट्ट्यांवर आणि कडेच्या रस्त्यांवर मोटारी पळू लागल्या आणि १३ मे १९५० रोजी तिथे विश्वविजेतेपदाची पहिलीच शर्यत झाली. ते सिल्व्हरस्टोन. एका विमानाने एक सर्किट संपवलं आणि दुसरं जन्माला घातलं.

गावच्या रस्त्यावरची शर्यत

ब्रुकलँड्ससारखं स्वतंत्र बांधकाम हा अपवाद होता. युरोपात बहुतेक शर्यती रोजच्या वहिवाटीच्या रस्त्यांवर व्हायच्या. आपल्याकडे शहादा-लोणखेड्याकडून सारंगखेड्याच्या तापी पुलाकडे जाणारा रस्ता दोन दिवस बंद ठेवावा, उसाचे ट्रॅक्टर आणि पपईचे ट्रक अडवून धरावेत, कडेला गवताच्या गंजी रचाव्यात, आणि सोमवारी सकाळी पुन्हा सगळं पूर्ववत व्हावं, असा तो प्रकार.

फ्रान्समधल्या शँपेन दारूच्या मुलखातलं रँस-ग्यू हे त्यातलं नामांकित. १९२६ मध्ये तीन रस्त्यांचा त्रिकोण जोडून ते तयार झालं. लांबच लांब सरळ रस्ते, थोडीच वळणं; म्हणून वेग अफाट. १९५४ मध्ये मर्सिडीज युद्धानंतर प्रथमच ग्रांप्रीत उतरली ती इथे, आणि तिच्या फान्जियो आणि क्लिंग या चालकांनी पहिले दोन क्रमांक घेतले. १९६१ मध्ये जियानकार्लो बागेत्ती विश्वविजेतेपदाच्या आपल्या पहिल्याच शर्यतीत इथे जिंकला. १९६६ मध्ये इथली शेवटची फ्रेंच ग्रांप्री झाली, १९७२ मध्ये शर्यती पूर्ण थांबल्या.

आज तिथे गेलात तर साध्या जिल्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या प्रेक्षक-गॅलऱ्या आणि पिटच्या ओवऱ्या उभ्या दिसतात. मधून शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर जातात. २००४ पासून एक स्वयंसेवी मंडळ झाडोरा काढतं, पडझड सावरतं, तेलाच्या आणि टायरच्या जुन्या जाहिराती पुन्हा रंगवतं. रस्ता सरकारचा, तो कधी बंद पडलाच नाही. सोडून दिल्या गेल्या त्या कडेच्या इमारती. रुआँजवळच्या लेझेसार सर्किटच्या नशिबी हे आलं नाही. तिथे १९६८ मध्ये जो श्लेसर हा चालक मॅग्नेशियमच्या सांगाड्याच्या होंडात जळून मेला. शर्यती १९९४ पर्यंत चालल्या आणि १९९९ मध्ये गॅलऱ्या पाडून टाकल्या गेल्या. आता जंगलातून उतरणारी ती झोकदार वळणं तेवढी आहेत. माहिती नसलेल्या माणसाला तिथे काही झालं होतं याचा पत्ताही लागणार नाही.

इटलीतल्या पेस्काराचा फेरा तर २५.८ किलोमीटरचा. समुद्रकाठाहून डोंगरात चढायचं, गावांच्या घरांना घासत जायचं आणि पुन्हा किनाऱ्याला उतरायचं. १९५७ मध्ये एकदाच तिथे विश्वविजेतेपदाची शर्यत झाली. स्टर्लिंग मॉस व्हॅनवॉलमधून जिंकला. त्या मालिकेतला तो आजवरचा सर्वांत लांब फेरा. १९६१ नंतर तिथल्या शर्यती संपल्या; पण संपूर्ण फेरा आजही आपल्या गाडीने, वाहतुकीचे नियम पाळून, करता येतो.

या रस्त्यांवरच्या शर्यतींना सर्वांत मोठा धक्का बसला तो ११ जून १९५५ रोजी. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत पिएर लेव्हेगची मर्सिडीज दुसऱ्या गाडीवर आदळून बांधावरून उसळली आणि तिचे तुकडे गर्दीत घुसले. ८० हून अधिक प्रेक्षक ठार झाले. त्या वर्षीच्या कित्येक ग्रांप्री रद्द झाल्या. स्वित्झर्लंडने तर सर्किटवरच्या मोटार शर्यतींवर बंदीच घातली. बर्न शहराजवळच्या झाडीतलं ब्रेमगार्टन, जिथे १९५४ पर्यंत स्विस ग्रांप्री होत होती, ते एका कायद्याने इतिहासजमा झालं. विजेच्या मोटारींसाठी अपवाद करून झुरिकच्या रस्त्यांवर शर्यत झाली ती २०१८ मध्ये. ल माँचं सर्किट मात्र त्याच जागी, सुधारणा करून, चालू राहिलं. अपघात तिथे झाला होता. मेलं ते शेजारच्या देशातलं सर्किट.

कललेल्या भिंती

अवशेषांमध्ये डोळ्यांत भरतात ती उंच कललेली वळणं. त्यामागचं तत्त्व सोपं आहे. सपाट रस्त्यावर गाडी वळवायची तर ती आतल्या बाजूला खेचून धरण्याचं सगळं काम टायरच्या घर्षणाला करावं लागतं. वेग दुप्पट झाला की ही गरज चौपट होते. रस्ताच आतल्या बाजूला कलवला, तर रस्त्याकडून गाडीला मिळणारा आधार अंशतः आत ढकलू लागतो आणि टायरच्या घर्षणावरचा ताण कमी होतो. प्रत्येक कलाला एक असा वेग असतो, की त्या वेगाने चालकाला स्टिअरिंग फारसं फिरवावंही लागत नाही. १९२० च्या दशकात टायर कच्चे आणि ब्रेक दुबळे होते; त्यामुळे अभियंत्यांनी गाडीची उणीव काँक्रीटने भरून काढली.

बर्लिनमधलं आव्हुस १९२१ मध्ये सुरू झालं. दोन समांतर सरळ रस्ते आणि टोकांना वळणं, एवढाच त्याचा आराखडा. १९३७ मध्ये उत्तरेकडचं वळण विटांनी ४३ अंशांवर उचललं गेलं. वरच्या कडेला अडवणारा कठडाच नव्हता. त्याच वर्षी हेरमान लांगने तिथे ताशी २६१ किलोमीटरच्या सरासरीने शर्यत जिंकली. १९५९ मध्ये जर्मन ग्रांप्रीच्या आदल्या दिवशी स्पोर्ट्स कारच्या शर्यतीत फ्रेंच चालक जाँ बेरा त्या वळणावरून बाहेर फेकला गेला आणि मेला. १९६७ मध्ये ती भिंत पाडली गेली. तिथे वाहतुकीचा चौक हवा होता. सरळ रस्ते तर महामार्गाचाच भाग होते. आज तिथून जाणाऱ्या मोटारींना कडेची जुनी लाकडी गॅलरी आणि पंचांचा गोल मनोरा दिसतो. मनोऱ्यात पुढे मॉटेल झालं.

मोंझाची गोष्ट वेगळी. मिलानजवळच्या राजेशाही उद्यानात १९२२ मध्ये बांधलेलं हे सर्किट आजही फॉर्म्युला वनमध्ये आहे. सोडून दिला तो त्याचा एक भाग. १९५५ मध्ये काँक्रीटच्या खांबांवर उभी केलेली दोन प्रचंड वळणं जोडून फेरा दहा किलोमीटरचा केला गेला. पण काँक्रीटच्या सांध्यांवर गाड्या इतक्या आदळायच्या की स्प्रिंगा आणि टायर दगा द्यायचे. १९६० मध्ये ब्रिटिश संघांनी धोक्याचं कारण देऊन शर्यतीवर बहिष्कारच टाकला. पुढच्या वर्षी त्याच सर्किटवर, कललेल्या वळणावर नव्हे तर सपाट भागात, वोल्फगांग फोन ट्रिप्स आणि डझनाहून अधिक प्रेक्षक मेले. फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा त्या वळणांवर झाली नाही. १९६९ नंतर तिथे इतर शर्यतीही थांबल्या. ती पाडून उद्यानाला जमीन परत द्यावी अशी मागणी झाली, पण ती उरली आणि पुढे डागडुजीही झाली. जमीन सार्वजनिक उद्यानाची असल्याने तिथे इमारत उठणार नव्हती, आणि शेजारी चालू सर्किट होतं.

पॅरिसजवळच्या माँलेरीचं १९२४ चं कललेलं वळणही असंच तगलं, कारण शर्यतींनंतर ते वाहनचाचणीच्या कामी आलं. काँक्रीटला रोजचं काम मिळालं की त्याला स्मारक व्हावं लागत नाही.

सुरक्षित, आणि तरीही नकोसं

१९६० च्या दशकाअखेर चालकांनी सुरक्षिततेची मागणी लावून धरली. बेल्जियममधलं स्पा, तेव्हाचा १४ किलोमीटरचा जंगलातला फेरा, त्यांनी नाकारला. पर्याय म्हणून आलं निव्हेल: ३.७ किलोमीटर, रुंद, मोकळं, कडेला भरपूर जागा. १९७२ आणि १९७४ च्या बेल्जियन ग्रांप्री तिथे झाल्या. दोन्ही वेळा ब्राझीलचा एमर्सन फिटिपाल्दी जिंकला. पण प्रेक्षक गाड्यांपासून फार दूर बसलेला, आणि बघण्यासारखं वळण शोधून सापडायचं नाही. आयोजक आर्थिक अडचणीत आले, डांबर उखडू लागलं, १९८१ मध्ये परवाना संपला. शहराजवळची सपाट, मोकळी, रस्त्याला लागून असलेली जमीन उद्योगांना हवीच होती. ज्या गुणांसाठी ती सर्किटला निवडली, त्याच गुणांनी ती हातची गेली. जुनं स्पा, जिथे सपाट जमीन नव्हतीच, ते १९७९ मध्ये आखूड करून पुन्हा उभं राहिलं आणि आजही गाजतंय.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानातल्या सर्किटला रहिवाशांच्या तक्रारींनी बांधून टाकलं. आवाजामुळे वर्षातून मोजकेच दिवस शर्यत घेता यायची. १९७२ मध्ये तीही बंद झाली. जर्मनीतल्या होकेनहाइमचं तर उलटंच. २००२ मध्ये सर्किट आखूड केल्यावर जंगलातले लांब सरळ रस्ते उखडून तिथे झाडं लावली गेली. जिथे १९६८ मध्ये जिम क्लार्कसारखा चालक गेला, तिथे आता डांबराऐवजी वनखात्याची लागवड आहे. युरोपात सर्किट गिळणाऱ्यांत कारखाने, महामार्ग आणि घरं आहेत, तसं रान परत मागणारा कायदाही आहे.

धावपट्टीवरचे पाहुणे

भारतात बराच काळ युरोपसारखी सर्किटं उभी राहिली नाहीत. शर्यती उसन्या जागेवर झाल्या आणि ती जागा बहुतेक वेळा विमानतळाची होती. मुंबईचा जुहू विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथेच उतरले. सांताक्रूझचा मोठा विमानतळ वाढला तशी जुहूवरची वर्दळ घटली आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत तिथे मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या. आज जुहूवरून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. शर्यतीची खूण शोधून सापडणार नाही, कारण शर्यतीसाठी तिथे काही बांधलंच नव्हतं.

चेन्नईजवळच्या शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी त्याहून जास्त चालली. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे अनेक वर्षं शर्यती भरवल्या आणि देशभरातले चालक तिथे येत. क्लबने एक धडा वेळेवर घेतला: उसनी धावपट्टी कधीही परत मागितली जाऊ शकते. त्याने इरुंगट्टुकोट्टईला स्वतःची जमीन घेऊन सर्किट बांधलं आणि १९९० मध्ये ते सुरू केलं. भारतातल्या शर्यतींचा तो आजही मोठा आधार आहे.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट याच प्रश्नावर अडखळलं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे पहिली भारतीय ग्रांप्री झाली. २०१३ पर्यंतच्या तिन्ही शर्यती सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या. मग कराचे वाद आणि मालक कंपनीची आर्थिक घसरण. २०२० मध्ये यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणाने थकबाकीपोटी त्या संपूर्ण क्रीडानगरीचं जमीनवाटपच रद्द केलं. २०२३ मध्ये मोटोजीपीची शर्यत झाली, म्हणजे डांबर ठणठणीत आहे. खोट जमिनीच्या कागदात आहे.

परतून आलेले

काही सर्किटं मरून परत उभी राहिली. दक्षिण इंग्लंडमधलं गुडवुड हे युद्धकालीन विमानतळाभोवतीचं सर्किट १९६६ मध्ये शर्यतींसाठी बंद झालं. पण जमीन रिचमंडच्या ड्यूक घराण्याची होती आणि त्यांनी ती विकली नाही. चाचण्यांसाठी रस्ता वापरात ठेवला. १९९८ मध्ये, सुरू झाल्यापासून बरोबर ५० वर्षांनी, जुन्या गाड्यांच्या शर्यती घेऊन ते पुन्हा उघडलं. इंग्लंडमधल्याच डॉनिंग्टन सर्किटवर १९३७ आणि १९३८ मध्ये जर्मन ऑटो युनियन गाड्यांनी इंग्रजांना थक्क केलं होतं. युद्धात लष्कराने तिथे वाहनांचा डेपो केला. तीस वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, १९७१ मध्ये टॉम व्हीटक्रॉफ्ट या बांधकाम व्यावसायिकाने ती जमीन विकत घेतली, १९७७ मध्ये शर्यती सुरू केल्या आणि १९९३ मध्ये तिथे पावसात आयर्टन सेनाने जिंकलेली युरोपियन ग्रांप्री झाली. दोन्हीकडे शर्यतीवर जीव असलेला मालक होता आणि जमिनीचा कागद त्याच्या हातात होता.

आपल्याकडे याचा पुरावा मोटारींपेक्षा बैलगाड्यांत सापडतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या; १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने ती पक्की झाली. मधल्या सात वर्षांत पुणे जिल्ह्यातल्या गावोगावच्या घाटांवर (बैलगाडा पळवण्याच्या ठरलेल्या वाटांवर) शर्यत नव्हती, तरी परवानगी येताच बैल पुन्हा घाटात उतरले. घाट गावजत्रेशी बांधलेला होता. ग्रामदैवताची जत्रा त्यातल्या बहुतेक वर्षांतही भरत होती. सारंगखेड्यातही घोड्यांचा बाजार आणि त्यांच्या रेवाल चालीची परीक्षा दत्तजयंतीच्या यात्रेच्या आधाराने उभी आहे. व्यवहार मंदावला तरी यात्रेला तारीख आणि जागा ठरलेली असते.

तेरामारचं काँक्रीट पडलं नाही, कारण ते पाडून कुणाला फायदा नव्हता. असा दुर्लक्षामुळे वाचलेला वारसा पर्यटकाला आवडतो, पण त्यावर शर्यत भरत नाही. शर्यती परत आल्या त्या गुडवुडला, डॉनिंग्टनला आणि पुण्याच्या घाटांत, जिथे बंद काळातही जमिनीला धनी होता आणि त्या धन्याला तिचं काहीतरी काम होतं. म्हणून उद्या महाराष्ट्रात कुणी सर्किट बांधायचा आराखडा घेऊन आला, तर वळणांचे अंश आणि गॅलऱ्यांची आसनसंख्या मागाहून पाहावी. आधी सातबारा पाहावा, आणि वर्षातल्या उरलेल्या दिवसांत त्या जमिनीवर काय चालणार हे विचारावं.